शब्दाचा पारखी

७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्र सरकारने २०१७ सालापासून विद्यार्थी दिवस म्हणून नेमून दिला आहे. १९०० साली याच तारखेस सातारच्या जुन्या राजवाड्यात भरणाऱ्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका नऊ वर्षांच्या मुलाचे नाव दाखल झाले. दाखल-बुकात त्याचा अनुक्रम १९१४ असून नाव भिवा रामजी आंबेडकर असे आहे. या दिवशी गावोगाव तसबिरीस हार घातले जातात, व्याख्याने होतात, मुलांस खाऊ वाटला जातो. आणि हे सर्व यथायोग्यच आहे. परंतु त्या शाळेत आणि त्याहूनही अधिक त्या शाळेबाहेरच्या घरात तो मुलगा नेमके काय शिकला, व ते कोणत्या रीतीने शिकला, याचा शोध घेणारे वक्ते विरळा. विद्वत्तेचे गुणगान करावयाचे आणि ती विद्वत्ता ज्या कष्टाने मिळाली त्या कष्टाकडे पाठ फिरवावयाची, ही आमच्या लोकांची जुनी खोड आहे. आज आम्ही या थोर पुरुषाचे चरित्र एवढ्या एकाच अंगाने सांगणार आहोत. डॉ. भीमराव आंबेडकर हे इंग्रजी शब्द कसे शिकले आणि पुढे त्या शब्दांचे त्यांनी काय केले, इतकाच या लेखाचा विषय.

हा विषय क्षुल्लक आहे असे कोणास वाटल्यास त्याने आपल्या घरच्या मुलाची वही उघडून पाहावी. पानाच्या मधोमध उभी रेघ, डाव्या अंगास इंग्रजी शब्द, उजव्या अंगास त्याचा एकच मराठी अर्थ, आणि अशा शब्दांच्या शेकडो ओळी. मूल त्या घोकते, परीक्षेत उतरवते आणि विसरते. सातारच्या सदाशिव पेठेतील दुकानदार काय किंवा सांगलीच्या हळदीच्या पेठेतील अडत्या काय, दोघांसही हे ठाऊक आहे की भाव, दर, किंमत आणि मोल हे चार शब्द एकच नव्हेत. सौद्यात भाव ठरतो, दर हा मापामागे असतो, किंमत ग्राहकाकडून वसूल होते, आणि मोल पुष्कळदा पैशांत सांगताच येत नाही. असे असता त्याच व्यापाऱ्याचा मुलगा इंग्रजीतील प्राइस, कॉस्ट, व्हॅल्यू आणि वर्थ या चारही शब्दांपुढे किंमत हा एकच अर्थ लिहून स्वस्थ बसतो, आणि बापास त्यात काही वावगे दिसत नाही! ज्याला नाणे पारखता येत नाही त्यास आपण गल्ल्यावर बसवीत नाही. शब्दांच्या बाबतीत मात्र ही दक्षता आपण घेत नाही.

सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांनी ती घेतली. रामजी हे पलटणीत होते, परंतु त्यांचे आयुष्य बंदुकीपेक्षा फळ्यापाशीच अधिक गेले. पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कुलात त्यांनी शिक्षकाचे शिक्षण घेतले होते व चौदा वर्षे ते लष्करी शाळेचे हेडमास्तर होते. महू येथे पलटण असताना १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांच्या घरी भीमराव जन्मले. निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीस काढून रामजी सातारा येथे बांधकाम खात्यात नोकरीस लागले. त्या वेळचा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा विस्तीर्ण होता. आज सांगली जिल्ह्यात मोडणारे तासगाव, वाळवे, खानापूर हे मुलूख तेव्हा साताऱ्यातच होते, व त्यांचा निराळा जिल्हा १९४९ साली झाला. सांगली शहर पटवर्धनांच्या संस्थानात होते. साताऱ्यास आल्यावर थोड्याच दिवसांत भीमरावांच्या मातुःश्री भीमाबाई वारल्या. घरात आत्या मीराबाई, भावंडे, आणि नोकरीपायी पुष्कळदा परगावी राहणारे वडील, असा तो संसार होता. रामजी कबीरपंथी होते. भजन, दोहे आणि पुराणग्रंथांचे वाचन ही त्या घराची नित्याची वहिवाट होती. ज्या घरात अक्षरास एवढा मान होता त्या घरातील मुलास शाळेत कोणता मान मिळाला, हे आता सांगावे लागेल, आणि ते सांगताना सातारकरांनी व आम्ही सर्वांनी मान खाली घालावी हेच उचित.

वर्गात तो इतर मुलांपासून दूर बसे, आणि बसण्यास घरून आणलेले गोणपाट वापरी. सायंकाळी ते गोणपाट घरी न्यावे लागे, कारण शाळा झाडणारा नोकरही त्यास शिवत नसे. तहान लागली तर इतर मुले नळ उघडून पाणी पीत. या मुलाने नळास हात लावावयाचा नसल्यामुळे शिपायाने तो उघडून देणे भाग होते, आणि शिपाई नसला की पाणी नसे. गावातील न्हावी त्याचे केस कापीत नसे, म्हणून ते काम त्याची थोरली बहीण करी. याच शाळेत आंबेडकर नावाचे एक शिक्षक मधल्या सुट्टीत आपल्या भाकरीतील वाटा त्यास देत. त्या शिक्षकाची आठवण डॉ. आंबेडकरांनी जन्मभर ठेविली. आडनावाची कथा सर्वश्रुत असल्यामुळे ती येथे पुन्हा सांगत नाही.

१९०१ सालचा मसूर स्टेशनावरील प्रसंग मात्र आमच्या विषयास धरून आहे. त्या वेळी रामजी खटाव तालुक्यात दुष्काळी कामावरील तलावाच्या ठिकाणी खजिनदार होते. सुट्टीत मुलांनी भेटीस यावे असे त्यांनी कळविले होते. भीमराव, त्यांचे बंधू आणि बहिणीची मुले नवे कपडे घालून, आगगाडीने मसूरास उतरली. येण्याचे पत्र वडिलांच्या नोकराने त्यांस दिलेच नव्हते, म्हणून न्यावयास कोणी आले नाही. नीटनेटका पोशाख पाहून स्टेशनमास्तर ममतेने विचारपूस करू लागले, व मुले कोण, कोठली, असे त्यांनी विचारले. मुलांनी आपली जात सांगितली. तो एक शब्द कानी पडताच त्या गृहस्थांचा चेहरा पालटला आणि पावले मागे सरली. भाड्याची बैलगाडी मिळेना. अखेर दुप्पट भाडे घेऊन एक गाडीवान तयार झाला, पण गाडी मुलांनीच हाकावी आणि आपण बाजूने चालत यावे अशा कराराने. रात्रभर मुले पाण्याविना राहिली. एका शब्दात केवढी शक्ती असते, तो उच्चारताच माणूस कसा माणसासारखा दिसेनासा होतो, हा धडा या मुलास कोणत्याही पुस्तकाच्या आधी मिळाला होता.

आता पुस्तकांकडे वळू. इंग्रजी शिक्षण साताऱ्यास सुरू झाले व १९०४ साली कुटुंब मुंबईस गेल्यावर तेथे पुढे चालले. या सर्व काळात भीमरावांचे इंग्रजीचे खरे गुरू त्यांचे वडील होते, ही गोष्ट त्यांनी स्वतः कृतज्ञतेने नमूद केली आहे. साधने मोजकी होती. एक, मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्याचे एके काळचे प्रमुख हॉवर्ड यांच्या नावाने चालणारी इंग्रजी वाचनाची क्रमिक पुस्तके. दुसरे, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे तीन भाग. ही सर्व पुस्तके रामजींनी मुलाकडून पक्की करून घेतली. इतके तर कोणताही दक्ष बाप करील. रामजींचे वैशिष्ट्य पुढेच आहे. भाषांतर करताना योग्य शब्द कोणता, तो दुसऱ्या जवळच्या शब्दाहून कशाने वेगळा, आणि या वाक्यात तोच का शोभतो, हे हुडकून काढण्याची सवय त्यांनी मुलास लावली.

तर्खडकरांच्या पाठमालेची रचना ज्यांनी तिच्यावर हात बसविला आहे त्यांस आठवत असेल. आधी शब्द, मग नियम, मग त्या नियमाची वाक्ये, आणि शेवटी मराठीतून इंग्रजीत व इंग्रजीतून मराठीत करावयाची भाषांतरे. या रीतीत एक गुण असा आहे की शब्द कधी एकटा भेटत नाही. तो वाक्यात भेटतो, आणि वाक्यात भेटला की त्याचे सोयरेधायरेही कळतात. आमच्या मराठीतील लागणे हेच क्रियापद घ्या. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, नोकरी लागते, दृष्ट लागते, पैसे लागतात आणि आंबा गोडही लागतो. या प्रत्येक ठिकाणी इंग्रज निराळे क्रियापद वापरतो. ज्या मुलाने लागणे याचा एकच इंग्रजी अर्थ पाठ केला तो या सात वाक्यांपैकी सहांत फसला म्हणून समजावे. उलट बाजूनेही हेच. इंग्रजीत लीव्ह घेणे म्हणजे कचेरीत रजा घेणे आणि घरी निरोप घेणे. यांतील कोणते, ते शेजारचे शब्द सांगतात, एकटा शब्द सांगत नाही. ही उदाहरणे आमची आहेत, रामजींच्या घरातील नव्हेत. परंतु शिकवणीची दिशा हीच होती.

यावर आमचे काही नवशिक्षित मित्र असे म्हणतील की भाषांतराने परकी भाषा शिकणे ही रीत आता जुनी झाली, इंग्रजी इंग्रजीतूनच शिकावी. शब्दाचा अर्थ त्याच भाषेतील व्याख्येने समजून घ्यावा व समानार्थी शब्दांशी ताडून पाहावा, हे तर उत्तमच. त्यास आमचा विरोध नाही. परंतु भाषांतराच्या रीतीने शिकणाऱ्यास एक लाभ होतो तो या मित्रांच्या ध्यानी येत नाही. त्यास आपली भाषाही शिकावी लागते. मराठी शब्दाची नेमकी छटा ठाऊक असल्याशिवाय त्यास इंग्रजी जोड सापडावयाचा नाही. म्हणूनच ज्या पुरुषाने पुढे न्यूयॉर्क आणि लंडन येथे इंग्रजीत प्रबंध लिहिले, त्यानेच १९२० साली मूकनायक व १९२७ साली बहिष्कृत भारत ही पत्रे ठसठशीत मराठीत चालविली. इंग्रजी शिकताच मराठीस रजा देणाऱ्या आमच्या पदवीधरांनी हे नीट पाहावे.

मुंबईस परळच्या चाळीतील एका खोलीत हे कुटुंब राहू लागले. स्वयंपाक, निजणे आणि अभ्यास एकाच जागेत. तेव्हा मुलाने लवकर निजावे, आणि पहाटे दोनच्या सुमारास वडिलांनी त्यास उठवून अभ्यासास बसवावे, असा क्रम ठरला. पुस्तकांची भीमरावांस अनावर हौस. पेन्शन तुटपुंजी. मुलाने पुस्तक मागितले की रामजी आपल्या विवाहित मुलीकडे जात, तिच्यापाशी पैसे नसले तर दागिना मागून घेत, तो गहाण टाकून पुस्तक आणीत आणि पेन्शन आली की सोडवून परत करीत. सावकारी करणाऱ्या वाचकांनी आपल्या खतावण्या धुंडाळाव्यात: लग्नासाठी, श्राद्धासाठी, दाव्यासाठी गहाण पडलेले दागिने पुष्कळ सापडतील, पुस्तकासाठी पडलेला एखादा तरी सापडतो काय?

एल्फिन्स्टन हायस्कुलात असताना भीमरावांनी संस्कृत घेण्याची इच्छा धरली. शिक्षकांनी अस्पृश्याच्या मुलास ती भाषा शिकविण्याचे नाकारले, आणि त्यांस फारसी घ्यावी लागली. ही गोष्ट आमच्या पुढाऱ्यांनी पुनःपुन्हा मनात घोळवावी अशी आहे. सातासमुद्रापलीकडच्या लोकांची भाषा या मुलास खुली होती, इराणची भाषा खुली होती, आणि ज्या देशात त्याच्या शेकडो पिढ्या राबल्या त्या देशाच्या शास्त्रांची भाषा त्यास बंद होती! इंग्रजी शब्दकोशाची पाने उलटताना कोणी त्यास जात विचारीत नव्हते. परकीय राज्याचे गोडवे गावे असे आम्ही म्हणत नाही. त्या राज्यातील शाळेत गोणपाट होतेच व शिपायाविना पाणी नव्हतेच. परंतु आमच्या ज्ञानभांडाराच्या दारावर जो पहारा होता तो आम्हीच बसविला होता. पुढे भीमराव स्वतःच्या श्रमाने संस्कृत शिकले व मूळ ग्रंथांत शिरले. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, आणि एल्फिन्स्टन कॉलेजातून इंग्रजी व फारसी हे विषय घेऊन बी. ए. झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी वारले. बडोदे सरकारच्या साहाय्याने त्याच वर्षी भीमराव अमेरिकेस गेले. कोलंबिया विद्यापीठ, लंडनची अर्थशास्त्राची शाळा, ग्रेज इन, सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकी, हा पुढील भाग सर्वांस ठाऊक असल्याने त्यावर शाई खर्चीत नाही.

व्यापारी वाचकांसाठी मात्र १९२३ सालच्या त्यांच्या ग्रंथाविषयी दोन शब्द सांगणे जरूर आहे. रुपयाचा प्रश्न हा त्याचा विषय. त्या वेळी रुपयाचे मोल स्थिर ठेवावे असे सर्वच म्हणत. वाद होता तो मोल म्हणजे काय याचा. सरकारच्या धोरणात मोल म्हणजे हुंडणावळीचा दर, म्हणजे रुपयास किती पेन्स मिळतात ते. आंबेडकरांनी दाखवून दिले की हुंडणावळीचा दर स्थिर असणे आणि रुपयाची खरेदीची ताकद स्थिर असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली साधूनही दुसरी ढासळू शकते, आणि रोजंदारीवर जगणाऱ्याचा संबंध दुसरीशी आहे. सर्व ग्रंथ एका शब्दाच्या दोन अर्थांवर उभा आहे असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु जो माणूस दोन जवळच्या अर्थांमध्ये बोट घालून त्यांस वेगळे करू शकत नाही त्यास तो लिहिता आला नसता, हे खचित.

तथापि शब्दांची सर्वांत कठीण पारख त्यांना अर्थशास्त्रात नव्हे, तर आपल्या लोकांच्या नावाच्या बाबतीत करावी लागली. सहा-सात कोटी माणसांस कोणत्या नावाने ओळखावे? ज्यांस या प्रश्नाची झळ नाही त्यांस तो निव्वळ शब्दांचा खेळ वाटेल. मसूर स्टेशनावर जो उभा राहिला होता त्यास तसे वाटणे शक्य नव्हते. सरकारी कागदांत डिप्रेस्ड क्लासेस, म्हणजे दबलेले वर्ग, हा शब्द रूढ होता. १९२४ साली आंबेडकरांनी स्थापिलेल्या सभेच्या नावात व पुढे पत्राच्या नावात त्यांनी बहिष्कृत हा शब्द योजिला. या दोहोंतील अंतर पाहा. दबलेला म्हटले की तो आपोआपच खाली गेला असावा असे वाटते. बहिष्कृत म्हटले की लगेच प्रश्न उभा राहतो, बहिष्कार घातला कोणी? क्रियेबरोबर कर्ता हजर होतो.

१९३१ साली दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी रावबहादूर श्रीनिवासन यांच्यासह त्यांनी जे पुरवणी निवेदन दिले त्यात या सरकारी नावावर उघड आक्षेप घेतला. या नावाने सर्व समाज दीन आणि असहाय आहे असा ग्रह होतो, वस्तुतः त्यात प्रत्येक प्रांती शिकलेली व सुस्थित माणसेही आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. त्याऐवजी जातीबाहेरचे हिंदू किंवा प्रोटेस्टंट हिंदू अशा अर्थाची नावे त्यांनी सुचविली. ती टिकली नाहीत, आणि आमच्या मते टिकण्याजोगी नव्हतीही. युरोपच्या इतिहासातून उसने आणलेले विशेषण आमच्या खेड्यात कोणास समजणार? परंतु नाव दुसऱ्याने ठेवावे व आपण ते निमूटपणे धारण करावे हे त्यांस मान्य नव्हते, हे त्या निवेदनाचे मर्म.

पुढील वर्षी लॉर्ड लोथियन यांच्या मताधिकार समितीत ते सभासद होते. तेथे व्याख्येचाच तंटा उभा राहिला. अस्पृश्य कोणास म्हणावे? ज्याचा प्रत्यक्ष स्पर्श टाळतात त्यासच म्हणावे, तर शहरांत व आगगाडीत स्पर्श टळत नाही, तेव्हा काही प्रांतांत अस्पृश्य जवळजवळ नाहीतच असे सिद्ध होई. अंगास अंग लागणे न लागणे ही वरवरची खूण असून विटाळाची कल्पना मनात असणे हेच खरे लक्षण होय, अशी बाजू आंबेडकरांनी मांडली. व्याख्या जेवढी आखूड तेवढी शिरगणती कमी, आणि शिरगणती जेवढी कमी तेवढ्या कायदेमंडळातील जागा कमी. व्याख्या लिहिणे हा पंडितांचा फावल्या वेळचा उद्योग आहे असे समजणाऱ्यांनी हे प्रकरण मुळातून वाचावे.

हरिजन या नावासही त्यांचा विरोध होता. १९३८ च्या जानेवारीत मुंबईच्या कायदेमंडळात ते नाव कायद्यात घालण्याचा प्रश्न आला तेव्हा त्यांच्या पक्षाने विरोध केला, आणि तो न ऐकला गेल्यामुळे सभात्याग केला. गांधीजींचा हेतू वाईट होता असे आम्ही मानीत नाही. परंतु नाव बदलून वागणूक तीच ठेवणे हे रिकाम्या डब्यास नवी चिठ्ठी डकविण्यासारखे आहे. शिवाय या माणसांसच देवाची माणसे म्हणावयाचे, तर उरलेली कोणाची, हा प्रश्नही उरतोच. १९३५ च्या कायद्यात जो शेड्यूल्ड कास्ट्स हा शब्द आला त्याचा अर्थ केवळ यादीत नोंदलेल्या जाती. तो कोरडा आहे, त्यात कौतुक नाही आणि कीवही नाही. आम्हांस तर तो त्याच कारणाने बरा वाटतो.

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या भाषणाची हकीकत अशीच. जातिभेद म्हणजे श्रमांची वाटणी, असे त्याचे समर्थन करण्याची तेव्हा चाल होती, व अजूनही ती पुरती गेलेली नाही. आंबेडकरांनी तेथे एकच अक्षर-भेद करून दाखविला. ही श्रमांची वाटणी नसून श्रम करणाऱ्यांची वाटणी आहे, आणि तीही एकावर एक अशा पायऱ्यांची. या एका फरकाने समर्थनाची सर्व इमारत खाली येते. मंडळास भाषणाचा काही भाग खटकला व त्यांनी तो बदलण्याची सूचना केली. आंबेडकरांनी स्वल्पविरामही हलविण्याचे नाकारले. संमेलन रद्द झाले आणि त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापून टाकले. शब्द इतके तोलून टाकलेले असले म्हणजे ते सहजी काढता येत नाहीत.

या पारखीची देशाच्या कामी कसोटी लागली ती घटनेच्या वेळी. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली व आंबेडकर तिचे अध्यक्ष झाले. मसुदा घटना परिषदेपुढे मांडताना, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, भारतास फेडरेशन न म्हणता युनियन का म्हटले याचा त्यांनी खुलासा केला. दोन्ही शब्द साधारण वाचकास सारखेच. पण पहिल्यात घटकांनी आपसांत करार करून संघ बनविल्याचा भास होतो, आणि जो करार करतो त्यास तो मोडण्याचाही हक्क आहे असा युक्तिवाद निघतो. भारताचा संघ अशा कराराचे फळ नाही आणि कोणत्याही घटकास त्यातून फुटून निघता येणार नाही, हे दुसऱ्या शब्दाने पक्के होते. हे विवेचन वाचताना हॉवर्ड व तर्खडकर यांची आठवण आम्हांस तरी आल्याखेरीज राहत नाही.

याच परिषदेत एक चमत्कारिक गोष्ट घडली. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी अस्पृश्यता नष्ट करणारे कलम चर्चेस आले. आज ते सतरावे कलम आहे. या कलमात अस्पृश्यता हा शब्द अवतरणचिन्हांत घातला असून त्याची व्याख्या मात्र कोठेही दिलेली नाही. प्रोफेसर के. टी. शहा यांनी ही उणीव दाखविली. नझीरुद्दीन अहमद यांनी निराळ्या शब्दांची दुरुस्ती सुचविली. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही व शहा यांच्या मुद्द्यास उत्तरही दिले नाही. ज्याचा जन्म व्याख्या करण्यात गेला, आणि ज्याने सोळा वर्षांपूर्वी याच शब्दाच्या व्याख्येसाठी एका समितीशी वाद घातला, त्याने येथे शब्द उघडा का ठेवावा? त्यांनी कारण सांगितले नाही, तेव्हा आमचे अनुमान ते आमचेच. व्याख्या ही कुंपणासारखी असते, आणि कुंपण म्हटले की त्यात फट शोधणारे आलेच. लोथियन समितीपुढे आखूड व्याख्येचा उपयोग कसा केला जातो हे त्यांनी पाहिले होते. पुढे १९५८ साली म्हैसूरच्या उच्च न्यायालयाने या अवतरणचिन्हांचाच आधार घेतला, आणि हा शब्द त्याच्या अक्षरार्थाने न घेता या देशात इतिहासक्रमाने जी रूढी वाढली तिच्या अर्थाने घ्यावा, असे ठरविले. कोठे व्याख्या करावी हे विद्येने कळते. कोठे करू नये हे कळण्यास गोणपाटावर बसावे लागले असेल.

अखेरच्या वर्षांत त्यांचे चित्त बौद्ध ग्रंथांत गुंतले होते. त्यांच्या निधनानंतर, १९५७ साली, बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात रिलिजन हा शब्द किती अनिश्चित आहे, काळाकाळाने त्याचे अर्थ कसे बदलत गेले, आणि बुद्धाचा धम्म त्याहून मुळातच कसा निराळा, यासाठी त्यांनी स्वतंत्र विवेचन केले आहे. धम्म या शब्दास त्यांनी इंग्रजी प्रतिशब्द दिला नाही. जन्मभर योग्य प्रतिशब्द शोधणाऱ्याने प्रतिशब्द नाही असा निर्णय द्यावा, तेव्हा तो निर्णय जपूनच दिलेला असणार.

दिल्लीतील कामाच्या गर्दीत, मधुमेहाने व सांधेदुखीने शरीर खचले असता, हे गृहस्थ आणखी एक काम करीत बसत. ते पाली भाषेचे व्याकरण आणि पाली शब्दांचा कोश तयार करीत होते. डाव्या अंगास पाली शब्द, पुढे त्याचा इंग्रजी अर्थ. आणि दुसऱ्या एका भागात इंग्रजी, मराठी, गुजराती व हिंदी असे चारही अर्थ ओळीने. हा कोश त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. महाराष्ट्र सरकारने त्यांच्या समग्र वाङ्मयाचा सोळावा खंड म्हणून तो १९९८ साली प्रसिद्ध केला.